बुडाला भोक असलेली फुलदाणी

फुकाउरा तोमिझो पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा
त्यांच्याकडे सतरा फुलदाण्या होत्या.
आता ते मोजत नाहीत.
नुइ मोजते, जिन्यावर पाय ठेवायला
जागा उरली की नाही तेवढ्यापुरतं.

आरितात भट्ट्यांच्या जुन्या विटांच्या भिंती आहेत.
अशाच एका भिंतीला लागून त्यांचं घर,
आणि घरात कुठेही जपून वळावं लागतं.

आजची बेल्जियमहून आली.
भुशात, वर्तमानपत्रात, पुन्हा भुशात.
सव्वाशे वर्षांपूर्वी इथूनच गेली असणार,
भाताच्या पेंढ्यात, जहाजाच्या पोटात, जोडीनं.
जोडीतली दुसरी कुठे पडली कोण जाणे.

झिलईखाली निळा, झिलईवर तांबडा,
शेवंतीच्या दाटीत दोन लावे.
एका बाजूचं सोनं पुसून गेलंय:
धूळ झटकताना रोज कुणीतरी
अंगठा नेमका तिथे ठेवला असणार.
तोमिझो आपला अंगठा ठेवून बघतात.
त्या बाईचा हात लहान होता.

मग उलटी करतात.
बुडाला आरपार भोक.
तिकडे तिचा दिवा केला होता म्हणे,
पोटातून वायर, डोक्यावर कापडी टोपी.
ज्यानं भोक पाडलं त्यानं मधोमध पाडलं,
भट्टीच्या नावातूनच.
उरल्यात तीन उभ्या रेघा.
डोंगर असेल,
नाहीतर नदी.

परत आलेल्या अशा वस्तूंना इथे शब्द आहे,
सातोगाएरी.
लग्न होऊन गेलेली मुलगी
चार दिवस घरी येते, त्यालाही तोच.
म्हणजे आपलं माहेरपण.

तोमिझो लाख घोटायला बसतात.
भोक बुजवायचं, वरून सोन्याची पूड,
मग पाणी घालून परसातली
कामेलियाची एक फांदी.
नुइ मुळ्याचा पाला निवडत असते.
मान वर न करता म्हणते,
"आल्या आल्या कामाला लावताय तिला?"

तोमिझो काडी खाली ठेवतात.
वाटीतली लाख वाटीतच आळत जाते.

रात्री ती सहाव्या पायरीवर, रिकामी.
झोपायला जाताना ते नखानं
एक टिचकी मारतात, सवयीनं.
वाजते अजून.
आवाज जरा बसलाय,
लांबून आलेल्या माणसाचा बसतो तसा.