दोनशे पंधरा, पंचाहत्तर, पंधरा

पिकअप घेतली तेव्हा तिच्या चार पायांत तीन मापं होती.
रतलामचा आधीचा मालक
मिळेल ते, पडेल त्या भावात चढवत गेला असावा.
पुढे डावीकडे एकशे पंच्याण्णव, उजवीकडे दोनशे पंधरा,
मागे एक दोनशे पस्तीस, थोराड, एकटाच,
आणि स्टेपनीवरचा आकडा इतका घासलेला
की बोटानं चाचपला तरी फक्त एक पाच लागायचा.

सहा वर्षं मी पहाटे साडेतीनला
पालद्याहून बर्फाच्या लाद्या भरून निघते.
गाडी डावीकडे ओढते.
मी उजवीकडे धरते.
यात तक्रार करण्यासारखं काही आहे
हे मला मुर्तजाभाईंनी सांगितलं.

सियागंजात, दुकानापुढे उकिडवे बसून
त्यांनी टायरच्या कडेवर खडूनं गोल केला: ३४१६.
"ताई, हे रबर नाही. पापड आहे."
सन सोळा, चौतिसावा आठवडा.
म्हणजे ऑगस्ट.
तेव्हा मला गाडी येत नव्हती.
मी पाटणीपुऱ्यात ब्लाउजांना काजं करत होते
आणि कुठेतरी एका साच्यातून हा निघत होता,
गरम, केसाळ.

ओजसला मोठे हवेत.
"मावशी, दोनशे पस्तीस टाक. चारही. काय दिसेल भिया!"
मावशीलाही भिया म्हणणारं हे गाव.

मी बर्फाच्या पावतीची पाठ घेतली.
दोनशे पंधराचे पंचाहत्तर टक्के,
कारण मधला आकडा माप नसतो, हिस्सा असतो
(हे मला कळलं बावन्नाव्या वर्षी).
एकशे एकसष्ट आणि पाव. वर एकदा, खाली एकदा.
मध्ये पंधरा इंची रिम, तिचे तीनशे एक्याऐंशी.
सातशे साडेतीन.
ओजसचा: सातशे साडेतेहतीस.
फरक अंगठ्याच्या एका पेराएवढा.

पण काटा साठ म्हणेल तेव्हा
मी साडेबासष्टनं पुढे गेलेली असेन
आणि हे मला कुणी सांगणार नाही.
शिवाय बर्फ भरला की टायर पत्र्याला घासेल,
सराफ्यापर्यंत माल उतरला, उरलेला वितळला
की गप्प.
म्हणजे दाखवायला नेईन तेव्हा
गाडी नेमकी बरी असणार.

दाराच्या आत कंपनीचा कागद होता.
२१५/७ एवढंच शिल्लक,
पुढचं कुणाच्या तरी चपलेनं नेलं.
मी म्हटलं, हेच. चारही. आणि स्टेपनीही हीच.
मुर्तजाभाई म्हणाले, ती तर पडूनच असते, जुनी चालेल.
मी म्हटलं, पडून असणाऱ्याचंही माप बरोबर असावं.
हे फार मोठं बोलल्यासारखं झालं,
म्हणून लगेच भावावर आले.
चौतीस सांगितले. साडेबत्तीसवर तुटलं.

दुसऱ्या पहाटे रस्ता लोटून ठेवलेला,
नव्या टायरांचे केस अजून उभे.
नवलख्याच्या पुढे गाडी उजवीकडे जायला लागली.
थांबवली. उतरले.
चारी चाकांना लाथ मारून पाहिली.
सारखी. अगदी सारखी.
मागून बर्फाचं पाणी ठिबकत होतं,
एक कुत्रं ते चाटायला आलं, माझ्याकडे बघून परत गेलं.

बसले. पुन्हा उजवीकडे.
मग पाहिलं तर
ओढत होता तो माझा हात.

आता नवलखा ते छावणी
मी दोन बोटांनी गाडी नेते
आणि उरलेल्या हाताला
काय करावं ते सुचत नाही.