चार्ज देताना

बस, विशाखा. ही खुर्ची डावीकडे कलते,
तिला सवय आहे, तुलाही होईल.
पासवर्ड कॅलेंडरमागे आहे, एप्रिलच्या पानावर.
कीबोर्डखाली सगळेच बघतात.

सकाळी आधी प्रिंटर चालू कर, मग चहा.
अंबडच्या थंडीत तो दोन मिनिटं नुसता कण्हतो.
रीम फोडलीस की गठ्ठा तसाच कोंबू नकोस,
अंगठ्याने फरफर पिसून घे,
पानापानाला वारा लागू दे.
मिसळ खाऊन आलीस तर हात धू.
तर्रीचा ठसा उमटलेलं चलन
गेटवरून परत येतं.
माझा साडू नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये होता.
म्हणायचा, तुमचं बरंय,
पान बिघडलं तर चुरगळून टाकता.

टोनर संपला, असं तो म्हणेल. ऐकू नकोस.
बाहेर काढ, आडवा धर,
लोणच्याची बरणी हलवतात तसा हलव,
अजून शंभरेक पानं निघतात.
हे खरेदीच्या पगारेंना सांगू नकोस मात्र,
नवा टोनर मार्चपर्यंत यायचा नाही.

जुनी फाइल उघडलीस तर मराठीच्या जागी
कंस, ठिपके, डॉलरची चिन्हं दिसतील.
भाषा तीच आहे, फॉन्ट मेलाय.
माझ्या लाल पेन ड्राइव्हवर आहे तो, टोपण हरवलंय.
तू युनिकोडमध्येच टाइप कर.
आणि एक्सेल पार्ट नंबरचं पुढचं शून्य खातं,
आधी एकेरी अवतरण दे, मग आकडा.
एका शून्यापायी आख्खा टेम्पो
भलतेच बुश घेऊन चाकणला गेला होता.

मेल मर्ज मी एका रात्रीत शिकलो.
नावांची यादी एकीकडे, मजकूर एकीकडे,
मध्ये कंसात रिकामी जागा.
अडतीस नावं. मजकूर एकच,
"कळविण्यास खेद होतो की".
पहिलं आणि शेवटचं पान तपासलं की झालं, म्हणतात.
मधलीही तपास.
एकविसावं पान अडकलं.
रावजी गायखे, प्रेस शॉप.
सव्वीस वर्षं माझ्या डब्यात
त्याच्या शेतातली मिरची.

अडकलेला कागद उलटा ओढायचा नसतो.
दोन्ही हातांनी, सावकाश,
तो ज्या दिशेने निघाला होता त्याच दिशेने.
साऱ्या ऑफिसला हे मीच शिकवलेलं.
त्या रात्री मी मागून ओढला.
फाटला.
मग ते पान कॅन्सल केलं, उरलेली काढली,
प्रिंटर बंद, सदतीस पाकिटं चिकटवली
आणि त्रिमूर्ती चौकापर्यंत चालत गेलो.

तर, कॅन्सल म्हणजे रद्द नव्हे, विशाखा.
काम रांगेत पडून राहतं.
सकाळी दत्तू शिपायाने बटण दाबलं,
पहिलाच कागद बाहेर आला,
गरम, स्वच्छ, एक सुरकुती नाही.
त्यानेच नेऊन दिला शॉपवर. त्याला काय माहीत.
रांग आतून रिकामी करावी लागते,
मशीन बंद करण्याआधी.
कशी, ते मला नंतर कळलं.
तुला आत्ता दाखवतो.

गायखे भेटतो अधूनमधून पाथर्डी फाट्यावर,
चहाचे पैसे देऊ देत नाही.
टाइप कुणी केलं ते त्याने कधी विचारलं नाही.
पत्राखाली डावीकडे, बारीक टाइपात,
माझी आद्याक्षरं होती. पद्धतच होती तशी.

खालच्या खणात पाठकोरे कागद आहेत,
कच्च्या कामाला वापर.
टाचण्या काढल्याशिवाय ट्रेमध्ये घालू नकोस.
सगळ्यात वरचा अर्धा फाटलेला आहे,
तो ट्रेमध्ये जाणार नाही.
कुठलं बटण कशाला,
ते मी त्याच्याच मागे लिहून ठेवलंय.