ना हरकत

घरत साहेब आले तेव्हा आम्ही
दुसऱ्या अंकातल्या बुडालेल्या मुली उभ्या करत होतो.
कोपरखैरणे, हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल.
सोळा जणी पांढऱ्या जाळीत, चवड्यांवर,
आणि खाली कुणीतरी पाइप कापतंय.

अग्निशमनच्या कागदावर एक रकाना असतो:
रंगमंचावरील कापड ज्वलनशील आहे काय.
त्यांनी एका झग्याची कड
पापलेटचे कल्ले बघावेत तशी उलटून पाहिली.
"बाई, हे पेट घेईल."

घेतलाय, मी म्हटलं.
हे असले नाच पहिल्यांदा बसले तेव्हा
दिवे गॅसचे होते, घोट्याच्या उंचीवर,
आणि मुली अशाच, हवेच्या असल्यासारख्या.
फटकीच्या पाण्यात कापड बुडवलं की जळायचं नाही,
पण पिवळट व्हायचं, ताठ व्हायचं,
आणि ताठ धुकं कोण बघायला येणार?
काही जणी नको म्हणाल्या.
पुढचं तुम्हीच सांगा, तुमचंच खातं.

घरत साहेब खुर्चीत बसले. पाणी मागितलं.

शलाका म्हात्रे, घणसोलीची, वय सतरा,
नावाड्याची पोर तीच करते.
तीन महिने मला एकच विचारतेय:
तो खोटं नाव सांगून आला,
त्याचं लग्न आधीच ठरलेलं,
ही खाडीत गेली,
आणि आता पहाटेपर्यंत नाचून
हिनेच त्याला वाचवायचं?
मेहरू मॅडमनी असंच बसवलं होतं, मी म्हणते.
"त्यांना कुणी फसवलं होतं का?"
याचं उत्तर मला ठाऊक आहे.
मी म्हणते, खांदे खाली. पुन्हा पहिल्यापासून.

हातांची भाषा मी कापली होती, पहिल्या अंकातली,
सगळी चार मिनिटं.
आजच्या लोकांना कळत नाही, प्रायोजक म्हणाले,
आणि मला ते पटलं, ही जास्त वाईट गोष्ट.
त्या दिवशी सवयीने झाली.
आईने लाटा दाखवल्या, मनगटावर मनगट ठेवलं,
मुठी खाली आणल्या.
घरत साहेब ग्लास हातात धरून म्हणाले,
"पाण्याकडे जाऊ नको सांगतेय ना?
माझी आई अशीच सांगायची. दिवाळ्याला. जेट्टीवरून."
चार मिनिटं मी परत घातली.

मग त्यांनी कात्रीने एक चिंधी कापून घेतली.
जिन्याखाली, सायकलींच्या बाजूला, काडी ओढली.
जाळी पेटली नाही म्हणावं इतक्यात
आक्रसली, काळी झाली, थेंब होऊन फरशीवर पडली.
सोळा जणी कठड्याला टेकून बघत होत्या.
कुणीच काही बोललं नाही,
पाइपवालासुद्धा थांबला.

शलाकाचे वडील रबाळ्यात रसायनांच्या कारखान्यात.
त्यांनी पूड आणली, माप लिहून दिलं.
सिंटेक्सच्या टाकीत आम्ही झगे बुडवले,
गच्चीवर वाळत घातले,
आणि ते पिवळे पडले, अर्थातच.
नवे आणूया का, पालक म्हणाले.
राहू दे, मी म्हटलं.
खाडी तरी कुठे पांढरी असते.

कागद आला: ना हरकत.
खाली निळ्या पेनाने, अटींसह.

वाशी, रविवार, तिसरी घंटा.
धुक्याला मासळी बाजारातल्या बर्फाचा हलका वास,
कुणाच्या लक्षात आला असेल, नसेल.
विंगेत घरत साहेब, गणवेशात नाही,
तरी पायापाशी वाळूची बादली.
पिवळट मुली आल्या. निळ्या उजेडात
जुन्या हाडांसारख्या दिसत होत्या,
आणि पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटली.

शेवटच्या आठ मात्रा मी शलाकाला दिल्या होत्या,
काय करशील ते कर म्हणून.
तिने त्याला वाचवलं. पहाट झाली.
मग त्याच्याकडे पाठ न करता, त्याच्याकडे न बघता
ती मागे मागे गेली, हात अर्धा वर,
आशीर्वादाचा म्हणावा
की थांब तिथेच म्हणणारा,
आणि अंधाराने तो हात सगळ्यात शेवटी घेतला.

मेकअपच्या खोलीत मी तिला विचारलं,
काय गं, केलंस का शेवटी माफ?
ती बुटाची नाडी सोडत होती,
अंगठ्याची पट्टी लाल झालेली.
"माहीत नाही, मॅडम," ती म्हणाली.
"मी मोजत होते."