दुसरी बाजू, चौथं गाणं

इनासचा मामा बोटीवर खलाशी.
त्र्याऐंशी साली लिव्हरपूलहून आला तेव्हा
बहिणीला लोकरीचं ब्लँकेट, मेव्हण्याला ब्लेडची पाकिटं
आणि भाच्याला ही तबकडी,
फुटपाथवरून उचललेली,
कुणी घेत नव्हतं म्हणून स्वस्त.

कव्हरवर चार पोरं भिंतीला टेकून.
तिघं आपल्याकडे रागानं बघतात,
चौथा वाकून बुटाची नाडी बांधतोय.
मला तोच आवडला.

कॅम्पात, बेकरीच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं :
इनास, मी, आणि अनगोळचा बसलिंग.
सुई टेकली आणि वाटलं, मशीन बिघडलं.
बसलिंग उठून प्लगसुद्धा बघून आला.

नाही. ते तसंच होतं.
गिटार म्हणजे उद्यमबागेतलं शेपिंग मशीन,
ड्रमवाला कायम अर्धं पाऊल पुढे,
पगाराच्या दिवशी भोंग्याआधीच निघालेल्या हेल्परसारखा.
आणि गाणारा गात नव्हता,
रॉकेलच्या रांगेत मधेच कुणी घुसलं की माणूस बोलतो
तसं बोलत होता, फक्त तालात.
अठ्ठावीस मिनिटं. संपलं.
इनासची आई दारात पिठाच्या हातांनी उभी :
"ह्या पोरांना कुणी जेवायला घातलं नाही वाटतं."

इंग्रजीतलं आम्हाला कळायचं ते एवढंच : नो.
माझ्या घरी मराठी, बसलिंगकडे कन्नड, इनासकडे कोंकणी,
बाहेर पाट्यांवर डांबर, आज ह्यांच्या, उद्या त्यांच्या.
खोलीत वाजत होती ती भाषा
तिघांपैकी कुणाच्याच बापाची नव्हती.

दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं आमचं.
त्यात मधेच ड्रमवाल्याच्या हातून काडी पडते.
पडल्याचा आवाज येतो, खट्.
कापला नाही त्यांनी तो. पैसे नसतील पुन्हा वाजवायला.
मी म्हणायचो, हे सरकारविरुद्ध आहे.
बसलिंग म्हणायचा, मालकाविरुद्ध.
इनास म्हणायचा, बाई सोडून गेलीय, बाकी काही नाही.
ह्या वादावर किती चहा झाले!

त्यांच्याच काळातले दुसरे मोठे झाले,
टी-शर्टांवर आले, खडेबाजारात दीडशेला लटकतात.
ही चौघं कुठल्याच छातीवर नाहीत.
बरंय.

मग परवा धाकटीनं, शर्वाणीनं, पुण्याहून
शब्द शोधून पाठवले. खाली लिहिलं :
बाबा, हे बस न येण्याचं गाणं आहे.
रात्रपाळी सुटलेला माणूस, थांब्यावर उभा.
शेवटची बस येत नाही. तो उभा.
एवढंच.

चाळीस वर्षं मी त्याच्या हातात मशाल दिली होती,
आणि त्याच्या हातात जेवणाचा डबा.
दोन दिवस तबकडीला हात लावला नाही मी.

तिसऱ्या दिवशी शाहूपुरीतून बेअरिंग आणायला निघालो.
स्टँडवर गर्दी, फलाट रिकामा.
कोगनोळीच्या नाक्यावर म्हणे कुणी कुणाच्या काचा फोडल्या,
तिकडच्या तिकडे, इकडच्या इकडे.
चौकशीच्या खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला : "इल्ला."
मागच्या म्हातारीला मी सांगितलं : नाही.
आणि मनात कुणीतरी फटकन म्हणालं : नो.

पाय कधी हलायला लागला कळलं नाही.
चपलेखाली फरशी, फरशीवर ताल, अर्धं पाऊल पुढे.
म्हातारीनं आपली मेथीची पाटी जरा सरकवून घेतली.

इनासला फोन लावला. बेकरी आता त्याचा पोरगा बघतो.
"काय करूलास?"
"काय नाही. बसलोय."
"चौथं लाव. फोन जवळ धर."

खरखर. मग ती चौघं, लांबून, डब्यातून बोलावीत तशी.
स्टँडवर कन्नडमधून काहीतरी पुकारत होते, ऐकू आलं नाही.
मी काडीची वाट बघत होतो.
खट्.
तो वाकतो, उचलतो,
बाकीचे तिघं त्याच्यासाठी थांबत नाहीत,
आणि तो गाठतो त्यांना.