भावाच्या गाडीचं हेड

नेककदमची गाडी दोरीला बांधून आली.
पुढे पिठाचा ट्रक, मागे ती स्वतः स्टिअरिंगवर.
कोयतेझेकच्या चढावर उकळली, म्हणाली.
इतक्या उंचावर पाणी तसंही उतावीळ,
धड तापायच्या आधीच उकळून मोकळं होतं.
काटा लालच्या पलीकडे गेला तरी ती थांबली नाही,
कारण आत सात माणसं, एक शेळी,
आणि थांबावं अशी सपाट जागाच नव्हती.
मी म्हणालो, तुझ्या नावाचा अर्थ काय गं?
चांगल्या पायगुणाची ना?
"पाय ठीक आहेत," ती म्हणाली, "डोकं बघ."

डिपस्टिक ओढली. तेल दुधाळ, वर तवंग,
अगदी आईच्या हातची शीरचाय, फक्त बिनमिठाची.
तेव्हाच कळलं होतं.
तरी माणूस उघडून बघतोच.

आठ पुशरॉड
बुटांच्या खोक्याला भोकं पाडून रोवले, नंबर घालून,
कारण इतकी वर्षं जो जिथे घासला
तो तिथेच नीट बसतो.
हेड सुटेना. स्टडांना चिकटून बसलेलं.
लाकडाचा ठोकळा, वर हातोडी, हळू, चहूबाजूंनी,
रुसलेल्या मुलाला उठवावं तसं.
मग उलटं करून पोलादी पट्टी ठेवली, पलीकडे बॅटरी धरली,
तर पट्टीखालून उजेड.
आणि दुसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्वांमध्ये
एक केस.
नखाने ओढून बघितला. केस नव्हता.

वाकलेलं घासून सरळ करता येतं. तडकलेल्याचं
खोरोगमध्ये कुणी काही करू शकत नाही.
ओशहून यायला तीन आठवडे, खिंड उघडी असली तर.
किंमत सांगितली तेव्हा ती काहीच बोलली नाही,
बाहीवरचं पीठ झटकत राहिली.

माझ्या अंगणात जर्दाळूखाली
इमतबेकची गाडी सहा वर्षं उभी आहे, तशीच, त्याच बांधणीची.
सुरगुतला जाताना म्हणाला होता, दोन हिवाळे.
महिन्याच्या एक तारखेला मी तिला हँडल मारतो,
जाम होऊ नये म्हणून. कोंबड्यांना आत बसू देत नाही.

रात्री काढलं. रात्रीच का, ते विचारू नका.
तिसरा प्लग वेगळ्या कंपनीचा निघाला,
जायच्या आदल्या दिवशी त्यानेच घाईत बसवलेला.
तो खिशात टाकला.

बाबांचा टॉर्कपाना, सामूहिक शेताच्या गॅरेजमधून आलेला,
अजून खोटं बोलत नाही.
नवं गॅस्केट. दहा नट, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत.
एकाच नटावर राग काढायचा नाही, बाबा म्हणायचे,
आणि आमच्यावर काढायचे.
पहाटे गाडी खोकली, पांढरी धूर ओकली,
मग धूर विरळ झाला आणि आवाज बसला.
नेककदमने पेला उपडा ठेवला. पैसे?
"पीठ दे," मी म्हणालो, "एक पोतं. घाई नाही."

रविवारी इमतबेकचा फोन.
त्याच्या मागे कुठलंतरी यंत्र चालू, नेहमीसारखं.
आईचे गुडघे, पुतणीची शाळा, छताचा पत्रा,
आणि शेवटी, नेहमीसारखंच,
गाडी सुरू होते ना?
"परवाच अलीचूरला जाऊन आली."
"खरंच?" हसला. "चढावर तापली नाही?"
"नाही."
तो बराच वेळ गप्प.
मी पण. यंत्र चालूच.
"मग ठीक आहे," म्हणाला, आणि बॅलन्स संपला.

उघड्या ब्लॉकवर तेलाची चिंधी पसरलीय,
वर प्लास्टिक, वर दोन दगड.
एक तारखेला सवयीने हँडल लावलं.
पूर्वी दोन्ही हात लागायचे,
आतली हवा ढकलून द्यायची उलटं.
आता एका हाताने फिरतं.
फारच हलकं फिरतं.