टेबल एक, फणसाचं

नव्या इमारतीत जायचं म्हणून
साहेबांनी मला दोन कामं दिली:
मुद्देमालाची यादी,
आणि या वास्तूचा इतिहास, एक पान, उद्घाटनाच्या पुस्तिकेसाठी.
‘तुला बरं लिहिता येतं, चारीबाय.’
मी पंचनामे लिहिते. मला तेवढंच येतं.

तर पंचनामा.
मडगाव. तळमजला, माडी, मागे विहीर, तिच्यावर जाळी.
व्हरांड्याला बिडाचे सहा खांब,
प्रत्येकाच्या पायाशी कुठल्याशा विलायती कारखान्याचं नाव.
रेल्वेचं काम संपल्यावर मोरमुगावच्या धक्क्यावर उरले होते,
कोणा आदमिनिश्त्रादोरानं स्वस्तात उचलले.
राजा लिस्बनचा, खांब राणीच्या मुलखातले,
चिरे कुडतरीचे.
पाचवा खांब आखूड पडला. त्याच्याखाली पाचर आहे.
रात्रपाळीचा शिपाई नेमका त्यालाच टेकतो.

दर्शनी भिंतीवर ‘पोलीस’,
एकसष्टनंतर नव्यानं रंगवलेलं.
खालची जुनी अक्षरं चुन्यात बुडाली,
फक्त एका अक्षरावरची तिरपी रेघ
ओल धरली की वर येते.
दरवर्षी आम्ही ती पुसतो. तिचं बिल निघतं.

हिशेबाची वही वाळवीनं अर्धी खाल्लेली.
उरलेली वाचायला दोना एर्मेलिंदा आली, शहाऐंशीची.
बिनसाखरेचा चहा, हातात भिंग, बोट ओळीवर.
चुना इतका. खिडक्यांचे शिंपले इतके शेकडा.
मग थांबली.
‘बाय, हें तुजें आडनांव.’

शाणू चारी, सुतार.
दारं चार. कोठडीचं दार एक, खिळे वेगळे.
टेबल एक, फणसाचं, खोलीतच जोडलेलं.
पाल्मातोरी एक, खैराची, भोकं पाच.
एकूण अकरा रुपये तीन तंगे.
समोर बारीक अक्षरात: द्यायचे आहेत.
पुढच्या पानावर: द्यायचे आहेत.
त्यापुढचं पान वाळवीचं.

पाल्मातोरी म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही.
चोपन्न साली आजोबांच्या खिशात
बेळगावच्या वर्तमानपत्राचा अर्धा तुकडा सापडला,
खिळे बांधून आणलेला.
‘भोकातून कातडी वर ओढली जाते,’ ते सांगायचे,
‘जळू लागते तशी.’
महिनाभर त्यांना आईनं भरवलं,
बावीस वर्षांच्या बाप्याला.
कुठल्या खोलीत, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी या खात्यात लागले तेव्हा
गणवेशाकडे बघून एवढंच म्हणाले,
बटणं घट्ट शिव.

चारी गावागावात आहेत.
शाणू माझा कोणी नसेलही.
पण टेबलाचे कोपरे गोल करायची खोड आमच्या घरात आहे,
रांगत्या पोराच्या कपाळाला लागू नये म्हणून,
आणि मी एकोणीस वर्षं ज्यावर कोपर टेकून लिहिते
त्या टेबलाचे चारही कोपरे गोल आहेत.
पोलीस ठाण्यात कोण रांगणार होतं?

पाल्मातोरी मुद्देमालात नाही.
माळ्यावर नाही, विहिरीच्या जाळीखाली नाही.
तिच्या कडा त्यानं घासल्या होत्या का,
मला तेवढंच बघायचं होतं.

साहेबांनी माझं पान वाचलं.
खांब ठेवले, शिंपले ठेवले.
‘सुताराचं कशाला, शुभकार्य आहे.’

आज सामान निघालं.
तीन कपाटं, वायरलेस सेट, जप्तीच्या अकरा सायकली,
काजूफेणीचं कॅन, सील तसंच, आत काही नाही.
टेबल दारातून जात नाही.
आडवं करून, उभं करून, चौकट खरवडून पाहिलं.
मुकादम म्हणाला, पाय कापूया.
मी म्हटलं, हात लावू नकोस.

यादीत लिहिलं: टेबल एक, फणसाचं. जागेवर.
शेऱ्याचा रकाना राहिला.
त्यात मी अकरा रुपये तीन तंगे लिहिलंय.
साहेब विचारतील हे काय.
खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय,
आणि मी अजून सही केलेली नाही.