रातव्याचे फुगे भरताना

माझगावच्या छापखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
बावीस वर्षं मी तुझ्या तोंडी शब्द घातले.
गोष्ट रेगेसाहेबांची, चित्रं कामेरकरांची,
मी फुगे भरणारी बाई,
पानामागे चार रुपये, शाई आपली आपण आणायची.

तुझं सगळं मला पाठ आहे, रातव्या.
दिवसा तू मोरेश्वर पाठारे, पाणीखात्यात,
डोंगरीच्या जिन्यांवरून मीटर वाचत हिंडणारा,
गळ्यापर्यंत बटणं लावून
साहेबासमोर त-त-प-प करणारा.
(त-त-प-प माझं. घामाचे तीन थेंब कामेरकरांचे.)
रात्री टाक्यांवरून टाक्यांवर उड्या,
शिवडीच्या चिखलापासून बाणगंगेपर्यंत,
आणि शेवटी कुणाचा तरी जबडा.
धाड् लिहिताना माझा निब दोनदा मोडला.

सांगलीची, परभणीची मुलं पत्रातून विचारायची,
दोघांतला खरा कोण?
मला दोघांच्या मध्ये एक तिसराच दिसायचा.
भाऊच्या धक्क्यावर आठ वर्षांचा,
हातात गोळ्याची काडी, बर्फ केव्हाच वितळलेला,
बापाला भोसकून पळणाऱ्यांच्या पाठी बघत उभा.
पहिल्या अंकातल्या सहा चौकटी.
तिथून पुढे तुझे फक्त खांदे वाढले.

अंक त्र्याहत्तर. कुमुद रजिस्ट्रारच्या बाकावर,
दोन साक्षीदार, एक हार, घड्याळात पावणेपाच.
तू तस्करांच्या होडीवर.
पुढच्या अंकात तिला सांगितलंस,
‘शहराला माझी गरज होती.’
ठळक अक्षरात लिहिलं मी ते, जाड निबने.
शहराने कुठे हाक मारली होती, रे?
शहर जेवून झोपलं होतं.

आणि आई गेली तो अंक.
रात्रभर तू इस्पितळाच्या खिडकीबाहेर उलटा लटकलेला,
आत खाटेशेजारी खुर्ची रिकामी.
अख्खं पान. वर चंद्र.
लोक रडले म्हणे.
मी विचारलं, हा आत का जात नाही?
रेगेसाहेब म्हणाले, आत गेला तर बोलावं लागेल,
आणि फुग्याला जागा नाही, चंद्र मोठा आहे.

माझ्याही घरी एक होता.
भायखळ्याच्या बंबावर.
परक्याची पोर धुरातून छातीशी धरून उतरवणारा,
आणि आपली रडायला लागली
की गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहणारा.
वाईट नव्हता.
हेल्मेट काढल्यावर चेहऱ्याचं काय करायचं
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
मीही नाही. मी फोडणी देत होते.

शेवटचा अंक. छापखान्यात संगणक येऊन बसलेला,
खोक्यातून अजून बाहेरही काढला नव्हता.
शेवटची चौकट: गच्ची, तू, खाली दिवे.
वाक्य ठरलेलं, ‘मी परत येईन.’
रेगेसाहेब जेवायला गेले होते.
मी सर्वांत बारीक निब घेतला
आणि ढगासारखा, मनातल्या बोलण्याचा फुगा काढला,
त्यात लिहिलं,
‘मला कुणी घरी सोडाल का?’

मग भानावर आले.
पट्टी कापली, खळ लावली,
ठरलेलं वाक्य वर चिकटवलं.
दुपारी पान गेलं छपाईला.

ते मूळ पान माझ्याकडे आहे, कपाटावर, साड्यांच्या खोक्यात.
मुलगी म्हणते, विकून टाक, जुन्या पानांना भाव आलाय.
बघू, म्हणते मी.
खळ पिवळी पडली आहे, पट्टीचा एक कोपरा सुटलाय.
खिडकीपाशी धरलं
की खालची ओळ दिसते अजून,
पोराच्या अक्षरासारखी, रेघ सोडून जरा खाली घसरलेली.
बावीस वर्षांत माझी रेघ
एवढी एकदाच चुकली.